बंद निवासातला दीड महिना: रक्त, लाळ आणि प्रतिकारशक्ती

गेल्या आठवड्यात शेवटचं रक्त देऊन झालं आणि प्रयोगातला माझा भाग संपला. अर्ज भरल्याला आता सव्वा वर्ष होऊन गेलं. चौघांना दीड महिना एका बंद निवासात ठेवायचं, मंगळाकडे निघाल्यासारखं वेळापत्रक द्यायचं आणि या कोंडलेपणाचा प्रतिकारशक्तीवर काय परिणाम होतो ते मोजायचं, असा हा प्रयोग. जायच्या आधी मी खूप शोधाशोध केली. एकटेपणा, पाकिटातलं जेवण, सोबत्यांशी होणाऱ्या कुरबुरी यांवर भरपूर वाचायला मिळालं. सुया, संमतीपत्रं, औषधांवरची बंधनं, बाहेर आल्यानंतरचे महिने यांवर जवळपास काहीच नाही. ते इथे क्रमाने लिहिते आहे. संस्थेचं आणि सोबत्यांचं नाव येणार नाही. तसं लिहून दिलेलं आहे, आणि आमच्या तुकडीचे निष्कर्षही अजून छापून यायचे आहेत.

हे प्रयोग जमिनीवर का करतात ते मला नीट कळलं पहिल्या माहितीसत्रात. अंतराळात जाऊन आलेल्यांची प्रतिकारशक्ती बिघडते हे अपोलोच्या काळापासून दिसत आलं आहे. २९ अपोलो अंतराळवीरांपैकी १५ जणांना मोहिमेत किंवा परतल्यावर आठवड्याभरात संसर्ग झाल्याची नोंद आहे. पुढे स्पेस शटलमधून गेलेल्या ८९ जणांचे नमुने तपासले, तेव्हा ४७ जणांमध्ये हर्पिस कुळातले विषाणू (कांजिण्यांचा विषाणू याच कुळातला) बाहेर पडताना सापडले. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर जास्त काळ राहिलेल्या २३ जणांपैकी १४ जणांमध्ये तेच. हे विषाणू तिथे कुणाकडून लागलेले नसतात. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या गाठींमध्ये आयुष्यभर दबून असतो आणि टी पेशी, म्हणजे पहाऱ्यावरच्या पांढऱ्या पेशी, त्याला डोकं वर काढू देत नाहीत. तो लाळेत उतरायला लागला म्हणजे पहारा ढिला पडला. पण अंतराळात सगळंच एकदम अंगावर येतं: वजनरहित अवस्था, किरणोत्सर्ग, उड्डाणाचा ताण, मोडकी झोप आणि रोज तेच चेहरे. कशामुळे काय होतं ते तिथे निवडून काढता येत नाही. बंद निवासात गुरुत्वाकर्षण आपलं नेहमीचंच असतं, जास्तीचा किरणोत्सर्ग नसतो. मग जे बदलतं त्याचा जाब कोंडलेपणाला आणि ताणालाच विचारता येतो.

अर्ज फेब्रुवारीत भरला. शिक्षण, कामाचा अनुभव, उंची, वजन, झोपेच्या सवयी, चालू असलेली औषधं आणि लसीकरणाचा इतिहास. शेवटच्या रकान्यानेच सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. लहानपणच्या लसींचं कार्ड कुणाकडे सहजी सापडत नाही. नाही सापडलं तरी अर्ज बाद होत नाही. रक्तातली प्रतिपिंडं तपासून कुठली लस लागू आहे ते कळतं, फक्त त्यात तीन-चार आठवडे जातात. तेव्हा अर्जाचा विचार मनात आला की पहिलं काम हे कार्ड शोधण्याचं.

मग थांबणं. एप्रिलपर्यंत काही नाही, एप्रिलच्या अखेरीस फोनवर मुलाखत, मे महिन्यात दोन दिवसांची वैद्यकीय तपासणी. या दोन दिवसांचा मी खूप धसका घेतला होता. प्रत्यक्षात शरीराच्या तपासण्या सोप्या निघाल्या: रक्त, लघवी, ईसीजी, ट्रेडमिल, छातीचा एक्स-रे, दात. दातांकडे फार बारकाईने बघतात, कारण आत दाढ ठणकली तर एकतर माणूस बाहेर काढावा लागतो किंवा वेदनाशामक आणि अँटिबायोटिक द्यावं लागतं, आणि दोन्हींनी प्रयोग बिघडतो. माझ्या एका दाढेत जुनी भरणी सैल झाली होती. ती बदलून दंतवैद्याचं पत्र आणल्याशिवाय फाईल पुढे सरकली नाही.

रक्तात त्यांना आणखी एक गोष्ट पाहायची होती: माझ्या अंगात आधीपासून कोणते विषाणू वस्तीला आहेत. हर्पिस कुळातलाच एपस्टाईन-बार विषाणू बहुतेक सगळ्या प्रौढांमध्ये असतो. त्याच कुळातला सायटोमेगॅलो विषाणू काहींमध्ये असतो, काहींमध्ये नसतो. हा दुसरा अंगात असेल तर टी पेशींची घडणच वेगळी दिसते, म्हणून कोण कुठल्या गटात ते आधी नोंदवावंच लागतं. दमा, स्वयंप्रतिकार विकार (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटणं), स्टेरॉइड चालू असणं, धूम्रपान, यातलं काही असेल तर नाव तिथेच गळतं.

मानसिक तपासणी जास्त थकवते. शेकडो प्रश्नांची प्रश्नावली, मग दोन मानसशास्त्रज्ञांसमोर मुलाखत, मग अनोळखी माणसांबरोबर एका खोलीत काही तास एकच काम. मुलाखतीत विचारलं होतं, रागावल्यावर तुम्ही गप्प बसता की बोलता? मी खरं ते सांगितलं, की गप्प बसते आणि दुसऱ्या दिवशी बोलते. निवड करणाऱ्यांना साजरं उत्तर नको असतं. चौघांचे स्वभाव जुळवायला खरी माहिती हवी असते.

जूनच्या मध्यावर निवड कळली आणि त्याबरोबर संमतीपत्र आलं. हे पत्र सावकाश, दोन बैठकींत वाचावं असं माझं ठाम मत आहे. त्यात चार गोष्टी मी पेन्सिलने खुणा करून विचारल्या. मधेच बाहेर पडायचं ठरवलं तर कारण द्यावं लागेल का? नाही, कधीही, कारण न देता. मानधन तेव्हा बुडेल का? नाही, झालेल्या दिवसांचं मिळेल. उरलेले नमुने किती वर्षं ठेवणार आणि जनुकीय तपासणी करणार का? याला वेगळा चौकोन होता, नको असेल तर टिक करायची नाही. आणि तपासताना भलताच एखादा आजार दिसला तर मला सांगणार का? यालाही चौकोन होता. मी 'सांगा' वर खूण केली, पण माझ्या एका सोबत्याने नीट विचार करून उलट निवडलं, आणि तेही तितकंच रास्त. एथिक्स कमिटीचा, म्हणजे सहभागींच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या समितीचा, संपर्क पत्राच्या शेवटी असतो. तो वहीत वेगळा उतरवून घ्या.

पैशांचंही सांगते, कारण ते विचारायला लोक संकोचतात. निवडीच्या तपासण्यांचा खर्च संस्थेचा. दाताचं काम आणि राहिलेली एक लस माझ्या खिशातून. प्रवासाची बिलं मूळ प्रतींसह द्यावी लागली आणि परतावा यायला दोन-अडीच महिने लागले. मानधन तीन हप्त्यांत: आत जाताना काही, बाहेर आल्यावर मोठा भाग आणि उरलेलं पाठपुराव्याचे नमुने देऊन झाल्यावर. त्यावर कर लागतो. माझी रजा अर्धी पगारी आणि अर्धी बिनपगारी झाली. आत फोन नाही, इंटरनेट नाही, त्यामुळे घरभाडं, हप्ते, वीजबिल यांची सोय आधी करावी लागते, आणि बँकेचा ओटीपी आपल्या नावावरच येतो हेही आधीच लक्षात घ्यावं लागतं. मी घरातल्या एका माणसाला अधिकारपत्र करून दिलं होतं. त्याची दोनदा गरज पडली.

जुलै आणि ऑगस्टमध्ये पायाभूत नमुने घेतले. एवढ्या छोट्या तुकडीत तुलना दुसऱ्यांशी करून भागत नाही. प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःच्या आधीच्या अवस्थेशीच करावी लागते. म्हणून आत जायच्या आधीचं रक्त एकदाच नाही, पुन्हा पुन्हा काढतात. फ्लूची लस या नमुन्यांच्या बरीच आधी घ्यायला लावली होती, कारण लस घेतल्यावर पेशी काही आठवडे चाळवलेल्या असतात आणि मोजमापात तेच उमटतं.

याच काळात आमच्या वैद्यकीय प्रमुखांनी मॉस्कोच्या मार्स-५०० प्रयोगाबद्दल तपशिलात सांगितलं. सहा पुरुष, ३ जून २०१० ला आत गेले आणि ४ नोव्हेंबर २०११ ला बाहेर आले, ५२० दिवस. मी मनात धरून होते की इतका काळ कोंडून राहिल्यावर प्रतिकारशक्ती खाली गेली असणार. त्यांच्या रक्तात सापडलं ते वेगळंच. लिम्फोसाइट पेशींची (टी पेशी ज्यात येतात त्या पांढऱ्या पेशींची) संख्या वाढलेली, आणि बाहेर काढून डिवचल्यावर त्या पेशी नेहमीपेक्षा जोरात प्रतिक्रिया देत होत्या. ताणाचं हार्मोन कॉर्टिसॉल चढलेलं. संशोधकांनी याला नीट आवर नसलेला प्रतिसाद म्हटलं. प्रतिकारशक्ती 'कमी होते' हे वाक्य मी तेव्हापासून वापरत नाही. तिचा लगाम सैल होतो: एकीकडे जुने विषाणू सुटतात, दुसरीकडे निरुपद्रवी गोष्टींवर शरीर भडकतं. अंतराळ स्थानकावरच्या एका अंतराळवीराला मोहिमेत चिवट पुरळ आणि सर्दीसारखा त्रास होत राहिला होता, त्याची सविस्तर नोंद २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेली आहे. तोही याच प्रकारातला.

सप्टेंबरच्या सुरुवातीला आठवडाभर विलगीकरण. उड्डाणाआधीच्या विलगीकरणाची शिस्त नासाने कडक केली ती अपोलो १३ नंतर, जेव्हा जर्मन गोवरच्या संपर्कात आल्यामुळे अंतराळवीर केन मॅटिंग्ली यांना ऐनवेळी उतरवावं लागलं. अपोलो १४ पासून तीन आठवडे वेगळं ठेवायला लागले. आमचं कारण साधं होतं: चौघांपैकी एकाने जरी सर्दी आत नेली असती तर पहिल्या पंधरवड्याचे सगळे आकडे त्या सर्दीचेच आले असते. या आठवड्यात घरच्यांशी पोटभर बोलून घ्यावं. मी रोज बोलले, आणि तरी दार लावताना घशात आवंढा आलाच.

निवास म्हणजे दोन मजल्यांचा बंदिस्त गोल. नासाच्या जॉन्सन स्पेस सेंटरमध्ये 'हेरा' नावाचा निवास आहे, तिथेही चौघं ४५ दिवस राहतात; आमचं साधारण त्याच जातीचं. खिडकी नाही. झोपायला पडदा लावता येईल एवढा कप्पा. नियंत्रण कक्षाशी बोलणं हळूहळू लांबत गेलं, शेवटी शेवटी प्रश्न विचारून उत्तराची काही मिनिटं वाट बघावी लागे. खऱ्या मंगळावर ही एका बाजूची वाट साधारण ३ ते २२ मिनिटांची असते.

दिवसाची सुरुवात लाळेने व्हायची. डोळे उघडले की उठून बसायचं नाही, पाणी प्यायचं नाही, दात घासायचे नाहीत. उशीशी ठेवलेल्या नळीतला कापसाचा बोळा गालात धरायचा, दोन मिनिटं हळूहळू फिरवायचा, पुन्हा नळीत टाकायचा आणि वेळ लिहायची. मग पंधरा मिनिटांनी, अर्ध्या तासाने, पाऊण तासाने तेच. जाग आल्यानंतर पहिल्या पाऊण तासात कॉर्टिसॉल झपाट्याने चढतं, आणि तो चढ किती उंच आहे यावरून शरीर ताणाशी कसं झुंजतंय याचा अंदाज येतो. दात घासले तर हिरड्यांतलं थोडंसं रक्त लाळेत मिसळतं आणि नमुना फुकट जातो. पहिले काही दिवस बोळा तोंडात घेतला की तोंड कोरडं पडायचं. आमच्या कमांडरने युक्ती सांगितली: जीभ टाळूला लावून लिंबाचा विचार कर. लागू पडली. वेळ मात्र खरी लिहा. पहिल्या नमुन्याला दहा मिनिटं उशीर झाला असेल तर तसं लिहिल्याने काही बिघडत नाही. 'वेळेवर' असं लिहिलं तर तो चढच खोटा दिसतो.

रक्ताचा दिवस दर आठवड्याला. हातात घड्याळासारखं यंत्र झोप आणि हालचाल मोजत असायचं, पण रक्ताची जागा दुसऱ्या कशाने भरून निघत नाही. ठरलेली वेळ सकाळचीच, उपाशीपोटी, व्यायामाच्या आधी. कारण लिम्फोसाइटची संख्या दिवसभरात आपोआप वरखाली होते, रात्री जास्त आणि सकाळी कमी, आणि जोराच्या व्यायामाने पांढऱ्या पेशी लगेच वाढतात. रक्त आम्हीच एकमेकांचं काढायचो. शिकवणीत उशीवजा नकली हातावर सराव झाला होता, पण पहिल्यांदा माणसाच्या दंडाला पट्टा बांधताना माझे हात गार पडले. सोबतीण म्हणाली, "घाई करू नकोस, मी कुठे जाणार आहे?" कोपराच्या खळग्यात बोटाने चाचपडत शीर शोधायची, ती दिसण्यापेक्षा बोटाला लागते, दाबली की उसळते. सुई तिरकी आत गेली आणि नळीत लाल धार आली तेव्हा आम्ही दोघींनी एकदमच श्वास सोडला.

नळ्यांचा क्रम ठरलेला असतो: आधी निळ्या टोपणाची, मग लाल, मग हिरवी, शेवटी जांभळी. एका नळीतलं रसायन दुसरीत जाऊ नये म्हणून. भरली की हलवायची नाही, हळूच आठ-दहा वेळा उलटी-सुलटी करायची. जोरात हलवली तर लाल पेशी फुटतात. हिरव्या नळ्या सगळ्यात महत्त्वाच्या, त्यातल्या पेशी जिवंत राहायला हव्यात. प्रयोगशाळेत त्यांना जंतूंचे, बुरशीचे अंश दाखवून डिवचतात आणि त्या कोणती रसायनं किती सोडतात ते मोजतात. पूर्वी अंटार्क्टिकाच्या तळांवर कोंडून हिवाळा काढणाऱ्यांची हीच परीक्षा त्वचेवर टोचून घेत, आता ती नळीत होते. म्हणून रक्त काढल्यावर काही मिनिटांत ते दुहेरी दाराच्या पेटीत ठेवायचं, आपलं दार बंद करून घंटा द्यायची, मग बाहेरचा माणूस पलीकडचं दार उघडून घेऊन जायचा. त्याचा चेहरा आम्हाला कधी दिसला नाही. पेटी परत उघडल्यावर आत पुढच्या आठवड्याच्या नळ्या असायच्या, प्रत्येकीवर नाव नसून फक्त क्रमांक.

सुईची भीती असेल तर अर्ज करू नका असं मी म्हणणार नाही. मलाही सुई आवडत नाही. दोन हात आलटून पालटून द्या, आदल्या दिवशी पाणी भरपूर प्या, काढून झाल्यावर कोपर न दुमडता हात सरळ ठेवून पाच मिनिटं दाबून धरा. निळं पडत नाही.

औषधांचं बंधन मात्र खरंच जड जातं. डोकं दुखलं तरी वेदनाशामक गोळी आपल्या मनाने घ्यायची नाही, कारण सूज कमी करणाऱ्या गोळ्या नेमकं तेच दाबतात जे मोजायचं आहे. अँटिहिस्टामिनचं, म्हणजे ॲलर्जीवरच्या गोळीचं, तसंच. आधी कक्षाला विचारायचं, उत्तर यायची वाट पाहायची, घेतली तर वेळ आणि मात्रा लिहायची. जेवणही तोलून, उरलेलं वजन करून परत. मिठाचं प्रमाण बांधलेलं होतं. मॉस्कोतच ५२० दिवसांच्या आधी १०५ दिवसांची एक फेरी झाली होती, तिथे रोजचं मीठ १२ ग्रॅमवरून ९ आणि मग ६ ग्रॅमवर आणलं होतं. जास्त मीठ असताना रक्तात मोनोसाइट (पांढऱ्या पेशींचाच आणखी एक प्रकार) आणि दाह वाढवणारी रसायनं जास्त दिसली. ताटातल्या चिमटीचाही परिणाम दिसतो म्हटल्यावर सगळ्यांना सारखंच ताट देण्याला पर्याय नाही.

पहिले दोन आठवडे उत्साहात गेले. मधला काळ बरा. अर्धं संपलं त्यानंतर मात्र मन उतरलं. अंटार्क्टिकाच्या अभ्यासांत या तिसऱ्या टप्प्याबद्दल लिहिलेलं आहे, सगळीकडे तो सापडतो असं नाही, पण मला सापडला. झोप लागायची पण पहाटे मोडायची. एका सोबत्याच्या चमच्याचा ताटलीवर होणारा आवाज सहन होईना, त्याचं काही चुकत नव्हतं. मी वहीत लिहिलं, दुसऱ्या दिवशी त्याच्याशी बोलले; तोही माझ्या घसा खाकरण्याला वैतागला होता. बोलल्यावर निवळलं. याच दिवसांत माझ्या कोपराच्या आतल्या बाजूला खाजरी लाल चकती उठली, जी गेल्या कित्येक वर्षांत उठली नव्हती, आणि ओठाच्या कडेला बारीक फोड आले. मोजपट्टी ठेवून फोटो काढले, लाळेचा जादा नमुना दिला. मनातून घाबरले होते. कक्षातल्या डॉक्टरांनी उशिरा पोचणाऱ्या आवाजात शांतपणे समजावलं की हे नोंदवण्यासाठीच आपण आत आहोत, आणि त्रास वाढला तर मलम आहे, दारही आहे. त्या एका वाक्याने मला फार धीर आला.

सर्दी मात्र कुणालाच झाली नाही. आत नवीन जंतू येतच नव्हते. तरी हे गृहीत धरू नये. ब्रिटिश अंटार्क्टिक तळावर १९६९ साली १७ आठवडे पूर्ण एकांतात राहिलेल्या १२ जणांपैकी सहा जणांना एकामागून एक सर्दी झाली होती, बाहेरून कुणीही आलेलं नसताना. त्यावरचा लेख १९७३ मध्ये छापून आला आणि आमच्या प्रशिक्षणात तो वाचायला दिला होता. विषाणू इतके दिवस कुठे टिकला असेल यावर आम्ही जेवताना बराच वाद घातला.

ऑक्टोबरच्या शेवटाकडे दार उघडलं. आधी रक्त, मग मिठ्या, असा क्रम ठरलेला होता आणि तो पाळला. उजेड डोळ्यांत खुपत होता, आणि वास एवढे तीव्र की साबणाचाही त्रास व्हायचा. इथून पुढचा काळ मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि त्याबद्दल सगळ्यात कमी सांगितलं जातं. आत शरीराची गाठ तीन माणसांच्या जंतूंशीच पडत होती, आता एकदम शेकडो माणसांच्या. उत्तर ध्रुवाजवळच्या स्पिट्सबर्गन बेटावरच्या वस्तीत हिवाळाभर सर्दी नाहीशी व्हायची आणि वसंतात पहिली बोट लागली की गावभर पसरायची, हे १९३३ मध्येच नोंदवलेलं आहे. आम्हाला दोन आठवडे मास्क, गर्दी टाळणं, लहान मुलांच्या फार जवळ न जाणं असं सांगितलं होतं. मी सगळं पाळलं. तरी पाचव्या-सहाव्या दिवशी घसा धरला आणि मग आठवडाभर अशी सर्दी झाली की नेहमीच्या सर्दीशी तिची तुलना होणार नाही. चौघांपैकी आणखी एकाचं तेच झालं, दोघं ठणठणीत राहिले. म्हणून रजा मागताना बाहेर आल्यानंतरचे किमान दोन आठवडे त्यात धरा. मी एकच धरला होता आणि वरिष्ठांनी समजून घेतलं, पण सगळीकडे तसं होईलच असं नाही.

पाठपुरावा महिन्याने, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. या भेटींना लोक गळतात असं समन्वयक म्हणाल्या, आणि गळाले की आतल्या आकड्यांचं मोल निम्म्यावर येतं, कारण बिघडलेलं पूर्ववत होतं की नाही हे त्याशिवाय कळत नाही. तिसऱ्या भेटीच्या वेळी माझ्या कामाचा फार रेटा होता. तारीख चार दिवस पुढे घेऊन मिळाली. विचारलं तर मिळते.

शेवटच्या भेटीत माझा वैयक्तिक अहवाल मिळाला. मागितला तरच देतात, संमतीपत्रात तशी तरतूद होती. सकाळचा कॉर्टिसॉलचा चढ दुसऱ्या पंधरवड्यापासून बसका होत गेलेला. फोड आले त्या आठवड्याच्या लाळेत एपस्टाईन-बारचे अंश, पुढच्या दोन नमुन्यांतही, मग नाही. डिवचलेल्या पेशींचं चित्र एकसारखं नव्हतं: काही जिवाणूंच्या अंशांना माझ्या आधीच्या मापापेक्षा जास्त जोराचं उत्तर, एका विषाणूच्या अंशाला मात्र फिकं. तीन महिन्यांनी बरंचसं जागेवर आलेलं, सहा महिन्यांनी सगळं. डॉक्टरांनी दोनदा बजावलं की एका माणसाच्या आकड्यांवरून काही सिद्ध होत नाही आणि ओठावरचे फोड एपस्टाईन-बारमुळे आले असं मी सांगत सुटू नये, ते वेगळ्याच विषाणूचे असतात. दोन्ही एकाच काळात आले, एवढंच म्हणता येतं. त्यांनी कॉन्कॉर्डियाचंही उदाहरण दिलं. अंटार्क्टिकातल्या त्या ३२०० मीटरहून उंच तळावर हिवाळा काढणाऱ्यांच्या पेशींमध्ये वर्षभरात संवेदनशीलता वाढलेली आढळली, पण तिथे विरळ हवाही असते, त्यामुळे आमचे आकडे त्यांच्याशेजारी तसेच्या तसे ठेवता येत नाहीत. आमच्यासारख्या आणखी तुकड्या आत जाऊन येतील, तेव्हा कुठे लेख लिहिता येईल इतके नमुने जमतील.

कोपरावरची चकती बाहेर आल्यावर महिन्याभरात गेली, पुन्हा उठलेली नाही. अहवालाची एक प्रत मी माझ्या नेहमीच्या डॉक्टरांकडे दिली आहे. पुढे कधी पुरळ उठलं किंवा नागिणीची शंका आली तर त्यांच्या हाताशी माझे निरोगी असतानाचे आकडे असतील, आणि असे आकडे सहसा कुणाकडे नसतात. अर्ज करणार असाल आणि संमतीपत्रातलं एखादं कलम कळत नसेल तर सही करायच्या आधी विचारा. मला त्यांनी प्रत्येक वेळी उत्तर दिलं, दोनदा तर लेखी.